महायुद्धाचं वेळापत्रक

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात ऱ्हाईनवरच्या होहेनझोलर्न पुलावरून साधारण दर दहा मिनिटांनी एक आगगाडी पश्चिमेकडे निघत होती. प्रत्येक गाडीला ५४ डबे. २ ते १८ ऑगस्टच्या दरम्यान, रात्रंदिवस मिळून, अशा २,१५० गाड्या त्या एका पुलावरून गेल्या. डब्यांत माणसं, घोडे, तोफा, घोड्यांचा चारा. कुठली गाडी जमवाजमवीच्या कितव्या दिवशी किती वाजता पूल ओलांडेल, हे कुणी युद्ध जाहीर करण्याच्या कितीतरी आधी कागदावर ठरलेलं होतं. जर्मन जनरल स्टाफच्या रेल्वे विभागातले अधिकारी दरवर्षी बसून ही वेळापत्रकं नव्यानं तयार करत.

पहिल्या महायुद्धाची कारणं शाळेत आपण गुणांच्या हिशेबानं पाठ करतो: साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, लष्करवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, आणि ‘तात्कालिक कारण’ म्हणून सारायेव्होचा खून. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. अडचण एवढीच, की खून सोडला तर ही सगळी कारणं १९११ साली मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनीची जुंपली तेव्हाही हजर होती, १९१२-१३ मध्ये बाल्कन देशांत दोन युद्धं पेटली तेव्हाही होती. तेव्हा महायुद्ध झालं नाही. १९१४ ला झालं, आणि खून झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत झालं. सुरू झाल्यावर सगळ्यांचा अंदाज काही महिन्यांचा, आणि ते चाललं चार वर्षं. हे ‘कसं’ समजून घ्यायचं तर राजवाड्यांपेक्षा रेल्वेच्या यार्डात जास्त वेळ काढावा लागतो.

आधी सैन्य म्हणजे काय ते पाहू. त्या काळच्या युरोपात ब्रिटन सोडलं तर सगळ्या मोठ्या देशांत सक्तीची लष्करी नोकरी होती. तरुणानं दोन-तीन वर्षं पलटणीत काढायची, मग घरी जाऊन शेती, दुकान, कारखाना सांभाळायचा. पण पुढची कित्येक वर्षं त्याचं नाव राखीव सैनिकांच्या यादीत राहायचं. बोलावणं आलं की ठरलेल्या डेपोत हजर व्हायचं, गणवेश आणि बंदूक घ्यायची आणि ठरलेल्या गाडीत चढायचं. या पद्धतीमुळे शांततेच्या काळात आठ लाखांच्या आसपास असलेलं जर्मन सैन्य पंधरवड्यात ३८ लाखांपर्यंत फुगू शकत होतं. प्रशियानं १८६६ मध्ये ऑस्ट्रियाला आणि १८७० मध्ये फ्रान्सला हरवलं त्यात रेल्वेनं केलेल्या झटपट जमवाजमवीचा मोठा वाटा होता. त्यानंतर सगळ्यांनीच तो धडा गिरवला.

आकड्यांवरून या कामाचा अंदाज येईल. जर्मनीच्या एका आर्मी कोअरला सीमेवर नेण्यासाठी ६,०१० डबे लागत, म्हणजे १४० गाड्या. त्याची रसद पोचवायला आणखी तेवढ्याच. असे ४० कोअर. रूळ मात्र तेच, ज्यांवरून एरवी कोळसा आणि प्रवासी जायचे. मुंबईची एक लोकल कुर्ल्याला रखडली की मागं कल्याणपर्यंत काय होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको: असं वेळापत्रक एकदा चालू झालं की मध्येच त्याला थांबवता येत नाही, अर्ध्यावर वळवता तर मुळीच येत नाही. आणि ज्याचं सैन्य आधी जमेल त्याला आठवड्या-दोन आठवड्यांची आघाडी. म्हणून शेजाऱ्यानं जमवाजमव सुरू केली की आपण हातावर हात ठेवून बसणं, हा प्रत्येक सेनापतीच्या लेखी गुन्हा होता.

आता करारांचं जाळं. १८७१ मध्ये जर्मनीनं फ्रान्सचे अल्सास-लोरेन हे प्रांत घेतले, तेव्हापासून फ्रान्स जर्मनीचा मित्र होणं शक्य नव्हतं. १८७९ मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया-हंगेरीशी करार केला. १८९४ पर्यंत फ्रान्सनं रशियाशी हातमिळवणी पक्की केली. ब्रिटननं १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुनी भांडणं मिटवली. जर्मनीच्या वाढत्या आरमाराची धास्ती हे त्याचं एक कारण. म्हणजे युद्ध झालंच तर जर्मनीला दोन्ही बाजूंनी लढायचं होतं.

यावर जर्मन जनरल स्टाफचे प्रमुख जनरल श्लीफेन यांनी काढलेला आणि त्यांच्या जागी आलेल्या धाकट्या मोल्टकेनं फेरफार करून पुढे चालवलेला तोडगा हा खरं तर गणिताचा होता. रशिया अवाढव्य, रूळ विरळ, त्यामुळे त्याचं सैन्य पुरतं जमायला सहाएक आठवडे लागतील. तेवढ्यात जवळजवळ सगळं जर्मन सैन्य पश्चिमेला टाकून, बेल्जियममधून वळसा घालून फ्रान्सला लोळवायचं आणि मग त्याच गाड्यांतून पूर्वेला यायचं. गणित कागदावर सुटत होतं. पण त्यात दोन विषारी गोष्टी दडल्या होत्या.

पहिली अशी, की बाकीच्या देशांची जमवाजमव सीमेवर येऊन थांबू शकत होती. मुत्सद्द्यांना बोलायला थोडी जागा उरत होती. जर्मनीची थांबू शकत नव्हती. इतकं मोठं सैन्य बेल्जियममधून न्यायचं तर लिएज हे किल्ल्यांनी वेढलेलं रेल्वे जंक्शन पहिल्या काही दिवसांतच काबीज करणं भाग होतं. थोडक्यात, जर्मनीत जमवाजमवीचा हुकूम म्हणजेच एका तटस्थ देशावर स्वारी. दुसरी गोष्ट, रशिया फ्रान्सच्या कर्जातून नवे रूळ टाकत होता आणि १९१७ पर्यंत त्याचं सैन्य कितीतरी लवकर सीमेवर येऊ शकणार होतं. सहा आठवड्यांचं ते गणित तेव्हा मोडणार होतं. त्यामुळे बर्लिनमधल्या सेनापतींना एक विचार पछाडत होता: व्हायचंच असेल तर लवकर होऊन जाऊ दे.

अशा परिस्थितीत २८ जून १९१४ उजाडला. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणानं गोळ्या घातल्या. सकाळी एक बॉम्ब हुकला होता; नंतर चालकानं चुकीचं वळण घेतलं आणि गाडी नेमकी प्रिन्सिपच्या समोर येऊन थांबली. ही कथा सगळेच चवीनं सांगतात. मला पुढचे चार आठवडे जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण चुकीचं वळण एका चालकाचं होतं आणि पुढची वळणं मंत्रिमंडळांनी शुद्धीवर असताना घेतली.

ऑस्ट्रियानं १९०८ मध्ये बोस्निया आपल्या राज्याला जोडला होता. बाल्कन युद्धांत सर्बिया जवळजवळ दुप्पट झाला होता आणि साम्राज्यातल्या स्लाव्ह प्रजेला तो खुणावत होता. खुनाची हत्यारं सर्बियातूनच, तिथल्या लष्करी हेरखात्यातल्या माणसांच्या मदतीनं आली होती. ऑस्ट्रियाला सर्बियाचा कायमचा बंदोबस्त करायचा होता आणि ५-६ जुलैला जर्मनीनं त्याला पूर्ण पाठिंब्याचा शब्द दिला. तरीही सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला तो २३ जुलैला. उशीर का? हंगेरीचे पंतप्रधान तिसा यांचं मन वळवायचं होतं. फ्रान्सचे अध्यक्ष पोआंकारे रशियाच्या दौऱ्यावर होते, ते परतीच्या बोटीवर चढेपर्यंत थांबायचं होतं. आणि सुगीचे दिवस असल्यानं बरेच सैनिक शेतीच्या रजेवर गेले होते. त्यांना मध्येच परत बोलावलं तर कापणी बिघडणार आणि रेल्वेही. या तीन-साडेतीन आठवड्यांत खुनानंतर युरोपात ऑस्ट्रियाबद्दल असलेली सहानुभूती ओसरली. लगेच चढाई झाली असती तर ती कदाचित बाल्कनपुरतीच राहिली असती.

निर्वाणीच्या खलित्यात दहा मागण्या होत्या आणि मुदत ४८ तासांची. सर्बियानं जवळपास सगळं मान्य केलं. आपल्या हद्दीत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी तपासात भाग घ्यावा, ही सहावी मागणी तेवढी नाकारली. २८ जुलैला ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं.

इथून सूत्रं रेल्वेच्या हाती जायला लागली. रशियाला सर्बियाच्या पाठीशी उभं राहायचं होतं, पण जर्मनीला डिवचायचं नव्हतं. परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्या मनात होतं की फक्त ऑस्ट्रियाच्या दिशेनं, अर्धवट जमवाजमव करावी. सेनाधिकाऱ्यांनी डोक्याला हात लावला. अशी अर्धवट योजना तयारच नव्हती. घाईघाईत ती केली आणि नंतर पूर्ण जमवाजमवीची वेळ आली, तर सगळ्या गाड्यांचा गोंधळ उडणार. २९ जुलैला झार निकोलसनं पूर्ण जमवाजमवीला संमती दिली, तारा सुटायच्या बेतात असतानाच जर्मन सम्राट विल्हेल्मची तार आली आणि झारनं हुकूम मागे घेतला. दोघं नात्यातले, एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ म्हणून तारा करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी साझोनोव्ह झारसमोर बसले आणि हुकूम पुन्हा निघाला. ३१ जुलैला रशियाभर भिंतींवर जमवाजमवीची फर्मानं लागली.

जर्मनीचं सहा आठवड्यांचं घड्याळ त्या क्षणी चालू झालं. त्याच दिवशी रशियाला जमवाजमव थांबवायला बारा तासांची मुदत, १ ऑगस्टला युद्धाची घोषणा. आणि त्याच संध्याकाळी बर्लिनमध्ये एक प्रसंग घडला. लंडनच्या जर्मन राजदूताच्या एका तारेवरून कैसर विल्हेल्मचा समज झाला, की फ्रान्सला तटस्थ ठेवायची हमी ब्रिटन देईल. तो हरखला आणि मोल्टकेला म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेलाच न्या. मोल्टकेचा चेहरा उतरला. लाखोंचं सैन्य असं ऐनवेळी वळवता येत नाही, वर्षभराच्या मेहनतीनं ठरवलेल्या ११,००० गाड्यांची ही मांडणी आहे, असं त्यानं सांगितलं. तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं, असा टोमणा कैसरनं मारला. काका म्हणजे १८७० च्या विजयाचे शिल्पकार थोरले मोल्टके. रात्री लंडनहून खुलासा आला, तो समज खोटा होता. तोवर जर्मन तुकडीनं लक्झेंबर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जचं रेल्वे स्टेशन आणि तारऑफिस गाठलंही होतं. पश्चिमेकडची पहिली सीमा ओलांडली गेली ती एका स्टेशनसाठी.

गाड्या खरंच वळवता आल्या नसत्या का? रेल्वे विभागातल्याच जनरल फॉन स्टाब यांना मोल्टकेचं हे विधान आपल्या खात्याचा अपमान वाटला. युद्धानंतर त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहून तक्त्यांसह दाखवून दिलं की बरंचसं सैन्य वेळेत पूर्वेला नेता आलं असतं. फक्त पूर्वेकडे चढाई करायची एक जुनी योजना जर्मन जनरल स्टाफकडे होती; १९१३ मध्ये त्यांनी ती अद्ययावत करणं सोडून दिलं. म्हणूनच ‘रेल्वेनं महायुद्ध लादलं’ हे वाक्य मला पटत नाही. एकच दरवाजा उघडा ठेवायचा हे माणसांनी ठरवलं होतं. वेळापत्रकानं हिरावून घेतला तो फेरविचाराला लागणारा वेळ. दोष कुणाचा यावर इतिहासकार शंभर वर्षं भांडताहेत: १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर यांनी जर्मनीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांनी तो दोष सगळ्या राजधान्यांत वाटला. माझा कल फिशरकडे अधिक आहे, पण झारच्या दरबारालाही मी सहज सोडणार नाही.

३ ऑगस्टला जर्मनीनं फ्रान्सवर युद्ध पुकारलं, ४ तारखेला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात ब्रिटननं आणि प्रशियानंही दिली होती. त्या रात्री ब्रिटन युद्धात उतरलं, आणि ब्रिटनच्या मागोमाग, कुणी न विचारता, हिंदुस्थानही.

योजना फसली ती पहिल्या महिन्यातच. सीमेपर्यंत सैन्य आगगाडीनं येतं. पलीकडे मात्र ते पायी चालतं. बेल्जियनांनी पूल आणि बोगदे उडवले होते, त्यामुळे जर्मन रेल्वे मागेच अडकली. फॉन क्लुकच्या पहिल्या सेनेतले जवान उन्हात दिवसाला तीस-तीस किलोमीटर चालत होते. त्या एका सेनेकडे ८४,००० घोडे होते आणि त्यांना पोटभर चारा देणंही जमेना. सप्टेंबर उजाडला तेव्हा गाडीतून माल उतरायचं ठिकाण आघाडीपासून शंभर किलोमीटरहून अधिक मागे राहिलं होतं. उलट फ्रेंच सैन्य आपल्याच रेल्वेच्या जाळ्यात मागे सरकत होतं. सेनापती जोफ्रनं पूर्वेकडच्या लोरेन भागातून तुकड्या उचलल्या, गाड्यांत बसवल्या आणि पॅरिसजवळ एक नवी सेना उभी केली. ५ ते १२ सप्टेंबरच्या मार्नच्या लढाईत या सेनेनं क्लुकच्या कुशीत धडक मारली आणि जर्मनांना माघार घ्यावी लागली. पॅरिसच्या सहाशे टॅक्सींनी देश वाचवला, ही गोष्ट गोड आहे. टॅक्सींनी नेलेले सैनिक जेमतेम पाच-सहा हजार. काम केलं ते आगगाड्यांनी.

मग दोन्ही सैन्यं एकमेकांची बाजू ओलांडण्यासाठी उत्तरेकडे सरकत समुद्रापर्यंत गेली. सप्टेंबरअखेरपासून मार्सेयला उतरलेल्या हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजनना याच धावपळीत, उन्हाळी कपड्यांवर, ईप्रच्या चिखलात ढकलण्यात आलं. हिवाळ्यापर्यंत स्वित्झर्लंडच्या सीमेपासून बेल्जियमच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदक खणले गेले, आणि पुढची साडेतीन वर्षं ती रेषा नकाशावर फारशी हललीच नाही.

ती का हलली नाही, याचं उत्तर ‘मशीनगन आणि काटेरी तारा’ असं दिलं जातं. ते अर्धंच आहे. भरपूर तोफा असल्या तर शत्रूचा पहिला खंदक घेता येत होता, बऱ्याचदा दुसराही. अडायचं ते तिथून पुढे. जिंकलेल्या जमिनीची आपल्याच तोफांनी चाळण केलेली. तीतून पायदळ, तोफा, पाणी पुढे न्यायचं ते तासाला किलोमीटर-दीड किलोमीटरच्या गतीनं. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, खांद्यावर नेता येईल असा बिनतारी संच अजून आलेला नाही, म्हणजे पुढं काय चाललंय हे मागच्या सेनापतीला कळणार तासाभरानं, दोन तासांनी. आणि त्याच वेळी शत्रूच्या पिछाडीला रूळ शाबूत. तिथून त्याची राखीव फौज गाडीनं येणार. हल्ला करणारा चालतोय आणि बचाव करणारा आगगाडीनं येतोय: पश्चिम आघाडीची कोंडी ती ही.

१ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठी ब्रिटिशांनी हल्ला केला तो आठवडाभर सुमारे १५ लाख तोफगोळे डागून. जर्मन खोल भुयारांत बसून राहिले, मारा थांबताच वर आले. संध्याकाळपर्यंत ब्रिटिशांचे ५७,४७० जण गारद झाले होते, त्यातले १९,२४० मेलेले. लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली आणि जिथं सर्वांत जास्त पुढे सरकता आलं तिथंही ते दहा किलोमीटरच्या आसपासच. त्याच वर्षी जर्मन हल्ला झेलणाऱ्या फ्रेंच व्हर्दंची गोष्ट उलटी आहे. तिथं येणारा एक लोहमार्ग तुटला होता, दुसरा जर्मन तोफांच्या टप्प्यात होता, म्हणून फ्रेंचांनी बार-ल-द्युकहून येणारा एक साधा रस्ता अक्षरशः रेल्वेसारखा चालवला: एका दिशेनं जाणारे, दुसऱ्या दिशेनं येणारे ट्रक, ऐन गर्दीत दर १४ सेकंदांनी एक. बंद पडलेला ट्रक सरळ बाजूला ढकलून द्यायचा. व्हर्दं पडलं नाही.

आघाडी हलेना, तेव्हा युद्ध कारखान्यांत आणि स्वयंपाकघरांत शिरलं. तोफगोळे कुणाकडेच पुरेसे नव्हते. बायका कारखान्यांत आल्या. ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीनं जर्मनीला चिलीचं नायट्रेट मिळेना, ज्याच्याशिवाय खतही नाही आणि स्फोटकंही नाहीत. हाबर आणि बॉश या रसायनशास्त्रज्ञांच्या पद्धतीनं हवेतल्या नायट्रोजनपासून ते बनवता आलं नसतं तर जर्मनी लवकरच थंड पडला असता. अन्न मात्र हवेतून निघत नव्हतं. १९१६-१७ चा हिवाळा तिथं ‘सलगमचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो, कारण बटाट्याचं पीक गेलं आणि लोकांनी गुरांचं खाद्य खाल्लं. जर्मनीनं फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांना कुठलंही जहाज बुडवायची मोकळीक दिली. त्यामुळे एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात आली, आणि जहाजं ताफ्यानं पाठवायला लागल्यावर पाणबुड्यांचा जोरही ओसरला.

रूळ नसलेल्या मुलखात हे युद्ध कसं चाललं, ते पाहायचं तर तुर्की साम्राज्यातल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जावं लागतं, आणि तिथं महाराष्ट्र थेट येतो. इराणच्या आबादानमधला तेलशुद्धी कारखाना ब्रिटिश आरमारासाठी महत्त्वाचा. तो राखायला सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरण्याच्या आधीच, ऑक्टोबर १९१४ च्या मध्याला, मुंबईहून निघाली. ६ नोव्हेंबरला फौज फावला उतरली, २२ तारखेला बसरा घेतलं. काम तिथंच संपायला हवं होतं. पण विजय सोपे मिळत गेले आणि जनरल टाउनशेंडला तैग्रिस नदीनं वर वर, थेट बगदादच्या दिशेनं धाडण्यात आलं.

बसऱ्यात मोठी जहाजं लागतील असा धक्का नव्हता. मुंबईहून आलेला माल नदीच्या मध्यात देशी नावांवर उतरवायचा. तिथून पुढे पाचशेहून अधिक किलोमीटर उथळ, वळणावळणांची नदी आणि मोजक्याच आगबोटी. रेल्वे टाकायचा प्रस्ताव हिंदुस्थान सरकारनं खर्चाकडे बघून बाजूला ठेवला होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला टाउनशेंडचा हल्ला चार हजारांहून अधिक माणसं गमावून अडला. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांतून नदीपर्यंत आणि मग उघड्या पडावांतून बसऱ्यापर्यंत आणलं गेलं. डिव्हिजन मागे येऊन कुत-अल-अमारात अडकली आणि ७ डिसेंबरपासून तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडली. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण तिच्यात होती, खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्याही होत्या.

सुटकेसाठी निघालेल्या फौजेनं चार महिन्यांत सुमारे २३,००० माणसं गमावली, तीही आत अडकलेल्या तेरा हजारांसाठी. बसऱ्यात सैनिक येऊन पडले होते; त्यांना पुढे न्यायला बोटी नव्हत्या. म्हणून हल्ले तुकड्या-तुकड्यांनी, तोफांविना होत राहिले. आत घोडे कापून खाण्याची वेळ आली. हिंदी सैनिकांतल्या अनेकांनी धर्मामुळे ते मांस बरेच दिवस नाकारलं आणि आजारांनी जास्त पोखरले गेले. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, पण त्यानं एवढ्यांचं पोट भरणं शक्यच नव्हतं. २९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं आणि हिंदी शिपायांपैकी बऱ्याच जणांना रास-अल-ऐनला, अर्धवट राहिलेल्या बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. मेसोपोटेमियाच्या गैरव्यवस्थेवर नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल आल्यावर १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. तोवर नव्या सेनापतीनं, जनरल मॉडनं, बसऱ्याला धक्के बांधले होते, हिंदुस्थानातले काही फाटे उखडून ते रूळ तिकडे नेले जात होते, आणि ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं. या युद्धासाठी हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं समुद्रापार गेली, ७४ हजारांच्या आसपास मेली. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६.

पूर्वेला रशिया रुळांवरूनच घसरला. धान्य दक्षिणेत होतं, राजधानी पेट्रोग्राडला पोचवायला धड इंजिनं आणि डबे नव्हते. १९१७ च्या मार्चमध्ये पावाच्या रांगांतून दंगे उसळले. राजधानीकडे निघालेली झारची खास गाडी पुढचा मार्ग बंडवाल्यांच्या हाती गेल्यानं प्स्कोव्हकडे वळली, आणि १५ मार्चला गाडीच्या डब्यातच त्यानं राज्यत्याग केला. महिन्याभरानं जर्मनीनं लेनिनला स्वित्झर्लंडहून आपल्या हद्दीतून गाडीनं जाऊ दिलं. शत्रूच्या घरात निखारा टाकायचा हेतू उघड होता. पुढे लेनिन सत्तेवर आला, आणि मार्च १९१८ च्या ब्रेस्ट-लिटोव्हस्क तहानं रशिया बाहेर पडला आणि जर्मनीच्या चाळीसहून अधिक डिव्हिजन पश्चिमेला आल्या.

२१ मार्च १९१८ ला जर्मनांनी खंदकांची रेषा खरंच फोडली. काही दिवसांत ते साठ किलोमीटरपर्यंत घुसले. १९१४ नंतर पश्चिम आघाडीवर असं कुणालाच जमलं नव्हतं. पण अमियाँ हे मोठं जंक्शन हाती लागलं नाही. पुन्हा तेच: पुढे गेलेले पायी, मागे उद्ध्वस्त जमीन, घोडे अर्धपोटी. नाकेबंदीनं भुकेलेले जर्मन सैनिक ब्रिटिशांच्या कोठारांतलं मांस आणि दारू पाहून जागोजाग थबकले, ही त्यांच्याच अधिकाऱ्यांची तक्रार. ८ ऑगस्टला अमियाँसमोर दोस्त राष्ट्रांनी पाचशेहून अधिक रणगाड्यांसह उलट हल्ला केला, आणि यावेळी त्यांना कोंडीचं उत्तर सापडलेलं होतं. खोल घुसायचा हट्ट धरायचा नाही. एका ठिकाणी ठोसा मारायचा, शत्रूची राखीव फौज गाडीनं तिथं पोचेपर्यंत थांबायचं आणि लगेच दुसरीकडे मारायचं. जर्मन गाड्या एका आघाडीवरून दुसरीकडे धावत राहिल्या आणि राखीव फौज विरघळत गेली. पलीकडून दर महिन्याला लाखोंनी अमेरिकन उतरत होते.

याच काळात इन्फ्लुएंझाची साथ पसरली. हिंदुस्थानात ती जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरली, रेल्वेनं आत गेली, आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेसह तिनं इथं एक कोटीहून अधिक बळी घेतले. चार वर्षांत सगळ्या आघाड्यांवर मिळून मेलेल्या सैनिकांचा आकडा ९० लाख ते एक कोटीच्या घरात जातो.

सप्टेंबरअखेर बल्गेरिया, ऑक्टोबरअखेर तुर्कस्तान, ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया असे जर्मनीचे साथीदार एकेक करून गळाले. ९ तारखेला कैसरनं गादी सोडली. ११ नोव्हेंबरला काँपिएनच्या जंगलात, दोस्तांचे सरसेनापती मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात, शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. त्यातल्या अटींत तोफा आणि मशीनगनबरोबर एक कलम होतं: ५,००० इंजिनं आणि १,५०,००० डबे, चालू स्थितीत, महिन्याभरात दोस्तांच्या हवाली करायचे. जर्मनीला ते मुदतीत जमलं नाही, आणि जानेवारीत संधीची मुदत वाढवताना दंडादाखल मागितलेल्या जादा इंजिन-डब्यांच्या जागी शेतीची यंत्रं मागण्यात आली. नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत उठली नाही. तोवर जर्मन शहरांत धान्याची चणचण होती ती होतीच, आणि आता गावाकडचं धान्य शहरात आणायला गाड्याही कमी पडत होत्या.